लालाजींचं तेल

आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुका असतील. कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणी वाचलंच तर हसू नका. भूतखेत, अंगात येणं – यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही मी याला भूत म्हणणार नाही...

आम्ही सांगलीकडचे. हे गाझियाबादला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात आहेत. मी एका कॉलेजच्या क्रीडा केंद्रात झाडलोट करते. दारावर मोठ्या अक्षरांत नाव आहे – लाला मनफूलदास क्रीडा केंद्र. लालाजी इथलेच, मोहरीच्या तेलाचा घाणा होता त्यांचा. म्हातारपणी त्यांनी पैसे दिले म्हणून हा हॉल झाला. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आत त्यांचा फोटो आहे, तो मी रोज पुसते.

कोपऱ्यात मल्लखांब आहे. माझी कोमल त्यावर शिकते. मी तिथे कामाला म्हणून तिला फी नाही. माझं काम गेलं तर तिचा खांब गेला, म्हणून मी कुणाशी जास्त बोलत नाही.

गेल्या थंडीत सुरू झालं. सकाळी कुलूप काढून आत जावं, तर खांबाला ताजं तेल चोळलेलं! एक चावी माझ्याकडे, दुसरी केंद्र सांभाळणाऱ्या त्यागी सरांकडे. मला वाटलं सर लावतात. सरांना वाटलं मी.

एकदा लांबूनच चमकता खांब बघून ते म्हणाले, "दीदी, स्टोअर की सारी बोतलें खाली करोगी क्या?"

"मी नाही" एवढंही माझ्या तोंडून निघेना. पगारातून तेलाचे पैसे कापले. वर बजावलं, "फिर हुआ तो किसी और को रख लूँगा."

घरी कोमल चिडली. "आई, तू बोलत का नाहीस यार? गप्प बसलीस की चोरच वाटतेस!"

"तू मध्ये पडू नकोस हं."

"पडणार. बिल्कुल पडणार."

दुसऱ्या दिवशी खांब पुन्हा ओला. कोमल सरांना खांबापाशीच घेऊन आली. सरांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"ये तो सरसों है..."

सरसों म्हणजे मोहरी. खांबाला तर एरंडेल लावतात, स्टोअरमध्येही तेच असतं. सरांनी कपाट उघडलं. सगळ्या बाटल्यांची सीलं जशीच्या तशी.

"हमारे घर में सरसों आती ही नहीं, सर," कोमल म्हणाली. "आई को छींक आती है."

आणि मला खरंच शिंक आली! इतके दिवस मी ती थंडीची सर्दी समजत होते. सर हसले. मग फोटोकडे बघून म्हणाले, "बचपन में लालाजी के कोल्हू से तेल लाता था मैं. यही खुशबू थी."

सरांनी कुलूप बदललं. तरी थंडीत अधूनमधून खांबाला तेल असतंच. कोण लावतं, कसं लावतं, अजून कुणाला कळलेलं नाही. मला भीती वाटत नाही. कोमल त्या तेलावरून एकदाही घसरली नाही. फोटो पुसताना मी हळूच म्हणते, लालाजी, जरा कमी लावा, फरशी मलाच पुसावी लागते.

पगाराच्या दिवशी सरांनी कापलेले पैसे माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "गिन लो दीदी, लालाजी देख रहे हैं."

मोजले. पूर्ण होते.