तातडीच्या कप्प्यातला दाखला

माझ्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मी एका ट्रॅक्टरला विकला. रीतसर विकला. पक्कं बिल फाडून, वर "पुन्हा या" असं म्हणून!

मी वेंधळा आहे म्हणून हे घडलं असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. इंदापूर तालुक्यात आपल्याइतका व्यवस्थित माणूस दुसरा नाही, अशी माझी खात्री पटली होती, म्हणून हे घडलं.

इंदापुरात हायवेला लागून माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कुठला नट कुठल्या डब्यात, कुठला पट्टा कुठल्या खिळ्याला, हे मला डोळे मिटून सांगता येतं. घरात मात्र मला स्वतःचा चष्मा सापडत नाही. (तो बहुतेक वेळा डोळ्यांवरच असतो.) घरचे कागद आमची शबाना, म्हणजे माझी बायको, सांभाळते. तिची पद्धत साधी. सगळं एका हिरव्या पिशवीत कोंबायचं आणि पिशवी कपाटात कपड्यांखाली. लाइटबिल, आधार कार्ड, लेकीच्या लसीकरणाचं कार्ड, सगळं एकत्र नांदतं. मला बघवत नसे.

त्यातच मी मोबाइलवर एका गृहस्थांचं भाषण ऐकलं. आयुष्यातल्या कामांचे तीन भाग करा, म्हणाले. तातडीची, लवकरची आणि सवडीची. मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी दुकानात तीन कप्पे केले आणि मालाला लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या डकवल्या. ट्रॅक्टर ज्याच्यावाचून जागचा हलत नाही ते लाल कप्प्यात, बाकीचं खाली. आठवडाभर मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कप्पे दाखवले. एकाने तर विचारलंसुद्धा, "रफिकभाई, दुकान इकायला काढलंय का?"

मग मी घराकडं वळलो.

"महत्त्वाचे कागद आजपासून दुकानात राहतील," मी जाहीर केलं.

"कशाला?" शबाना म्हणाली. "हितं बरं हायेत की. मला ठावं हाय कुठं काय हाय ते."

"तुला ठाऊक आहे. उद्या तू नसलीस तर?"

"मी कुठं चालले?"

ह्याचं उत्तर भाषणात नव्हतं. मी आमच्या लेकीचा, सनाचा दाखला आणि बारावीचं गुणपत्रक उचललं आणि निघालो.

आता हे कागद दुमडू नयेत म्हणून कशात ठेवायचे? ट्रॅक्टरच्या इंजिनात हेड गॅस्केट नावाची एक पातळ, पत्र्याची जाळी बसते. ती मोठ्या, चपट्या, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात येते. एका रिकाम्या पाकिटात मी दोन्ही कागद घातले. त्यांच्यावर, वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली कागदपत्रांची यादी ठेवली. पाकिटाला चिकटपट्टी मारली, लाल चिठ्ठी डकवली आणि पाकीट तातडीच्या कप्प्यात, बाकीच्या गॅस्केटांशेजारी उभं केलं. वरून सनाचं नाव लिहिणार होतो. पण त्यानं कप्प्याची एकसारखी शोभा बिघडली असती!

मंगळवारी सनाचं नाव बारामतीच्या कॉलेजच्या यादीत लागलं. पहिल्याच यादीत! मूळ कागद शुक्रवारी चार वाजेपर्यंत दाखवायचे, नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाणार. सना बुधवारी जाऊ म्हणाली.

"बुधवारी अख्खा जिल्हा तिथं असणार," मी समजावलं. "शेवटच्या दिवशी गर्दी नसते. सगळे आधीच जाऊन आलेले असतात."

"अब्बा, आणि काही राहिलं तर?"

"राहील कसं? यादी केली आहे."

शुक्रवारी साडेदहाला, नवा शर्ट घालून, मी लाल कप्प्यातून पाकीट काढलं. आत गॅस्केट. दुसरं काढलं. गॅस्केट. तिसरं, चौथं, पाचवं... गॅस्केट, गॅस्केट, गॅस्केट! आपल्या दुकानात माल भरपूर आहे याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. पिवळा कप्पा उपसला, हिरवा उपसला. शेवटी शटरच्या वर हात घालून पाहिलं. तिथं पालीखेरीज कुणी नव्हतं.

सना दारात उभी होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त घड्याळाकडं बघत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

बरोबर आलेली शबाना म्हणाली, "काल कुणाला काय दिलं ते आठवा."

आणि मला आठवलं. काल संध्याकाळी पळसदेवचे किसनतात्या आले होते. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट पाहिजे म्हणाले. मी म्हणालो, "तात्या, घड्याळ लावा. दहा सेकंदांत काढून देतो." तात्यांनी खरंच घड्याळ लावलं. मी चार सेकंदांत पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. तात्या टाळी देऊन म्हणाले, "मानलं गड्या तुला!"

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बारा वाजले. साडेबारा वाजले. सना पायरीवर बसली. मी फोन लावतच होतो. अखेर सव्वा वाजता तात्यांनी उचलला.

"रफिकभाई! रानात हुतो ओ. बोला."

"तात्या, कालचं पाकीट उघडू नका!"

"आता मिस्त्री उघडायलाच बसलाय की. इंजान खोलून ठेवलंय सकाळधरनं."

"त्याला थांबवा! त्यात माझ्या पोरीचा दाखला आहे!"

"काय हाय?"

"दाखला! शाळेचा!"

तात्या फोन बाजूला धरून ओरडले, "आरं गॅस्केट न्हाय त्यात, पोरीचा दाखला हाय म्हनं!" मागून मिस्त्रीचा आवाज आला, "व्हय, हायेत कागद. मला वाटलं हात पुसायला दिल्यात."

"पुसले का?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"पुसलं की," तात्या म्हणाले. "वरच्या कागदाला."

ग्रीसचा हात! आणि वरचा कागद कोणता? मला काही आठवेना. दाखला वर होता? गुणपत्रक? सनाला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू आवाजात म्हणालो, "तात्या, आता कशालाच हात लावू नका. आम्ही निघालो." पण सनानं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. (ग्रीस न लागलेल्या.)

आमची जुनी व्हॅन मी अशी पळवली की शबाना वाटेत दोनदा "या अल्लाह" म्हणाली. पळसदेवला पोहोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. तात्यांच्या अंगणात ट्रॅक्टर पोट उघडून उभा होता आणि तात्या पाकीट छातीशी धरून बाजेवर बसले होते.

"द्या तात्या, लवकर द्या."

"देतो की. माझं गॅस्केट?"

गॅस्केट मी आणलंच नव्हतं! दुकानात फरशीवर नऊ गॅस्केटं पसरून मी रिकाम्या हातानं वीस किलोमीटर आलो होतो.

"रफिकभाई," तात्या सावकाश म्हणाले, "पोरीचं नुकसान मी करनार न्हाय. पर माझं सुदिक काम अडलंय. मिस्त्री उद्याच्याला घावत न्हाय. आमी काय करायचं?"

मिस्त्री ग्रीसचे हात अंतरावर धरून माझ्याकडं दयेनं बघत होता. तेवढ्यात शबानानं पिशवीत हात घातला आणि एक पाकीट काढून तात्यांपुढं धरलं.

"हे घ्या तात्या. बिलबुकात नंबर बघितला कालचा. आन् उघडूनबी बघितलंय."

तात्यांनी पाकीट घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाबी, दुकानात तुमीच बसत जावा की."

मी दाखल्याचं पाकीट उघडलं. वरच्या कागदावर पाच काळी बोटं अगदी स्वच्छ उमटली होती. ती माझी यादी होती! खालच्या दोन्ही कागदांना डागही नव्हता. सनानं ते माझ्या हातातून काढून घेतले, बाजेवर बसून मांडीवर ठेवले आणि वर दोन्ही हात ठेवले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कागदावर पडू नये म्हणून तिनं मान वर धरली होती. पोरीनं दोन वर्षं अभ्यास केला होता, आणि मी काय केलं होतं, तर चिठ्ठ्या डकवल्या होत्या.

भिगवणला पोहोचेपर्यंत व्हॅन आचके द्यायला लागली.

"पेट्रोल भरलं नव्हतं का?" शबानानं विचारलं.

"ते पिवळ्यात होतं," मी म्हणालो.

पंपावर आमच्या पुढं चार गाड्या होत्या. त्यातला एक जण मासळीचे क्रेट मागं नीट बांधत होता, दोरी सोडत होता, परत बांधत होता. इतकी व्यवस्थित माणसं मला आवडत नाहीत हे मला तिथं कळलं.

कॉलेजच्या खिडकीशी पोहोचलो तेव्हा चाराला पंधरा मिनिटं कमी होती. खिडकीत एक बाई. त्यांनी दाखला पाहिला, गुणपत्रक पाहिलं, मान हलवली आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "वर विद्यार्थ्याची माहिती भरा, खाली पालकांची सही."

मी घाईघाईनं पेन उचललं, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, झोकात सही केली. बाईंनी फॉर्म फिरवून वाचला.

"काका, प्रवेश नक्की कुणाला पाहिजे?"

मी विद्यार्थ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं होतं!

"खोडून लिहू का?"

"खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म भरा. दहा मिनिटं आहेत."

मी पुन्हा पेन पुढं नेलं तर सनानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. तिनं स्वतःचं पेन काढलं, उभ्या उभ्या भराभर सगळा फॉर्म भरला आणि मला फक्त सहीची जागा बोट ठेवून दाखवली. मी ते बोट सोडून बरोबर शेजारी सही केली. बाईंनी शिक्का मारला. चाराला तीन मिनिटं होती. शबाना "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाली आणि बाकावर बसली. सना पहिल्यांदाच हसली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मीही हसलो.

बाईंनी पावती फाडली. "ही वर्षभर जपून ठेवायची. हरवली तर दुसरी मिळत नाही."

मी अदबीनं हात पुढं केला. बाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं, कचऱ्याच्या टोपलीतल्या पहिल्या फॉर्मकडं पाहिलं, आणि पावती माझ्या कोपरावरून सनाच्या हातात दिली.

मला राग आला नाही. एवढं सगळं पार पडलं होतं. आता चहा घ्यावा, म्हणून मी रुबाबात वळलो आणि चार पावलं गेलो, तोच खिडकीतून आवाज आला,

"काका! तुमच्या खिशातलं ते पेन आमचं आहे. आणि तुमचा चष्मा इथं राहिलाय!"