टम्म

जीवन आडे नेरच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागूनच आहे. फुगलेली बॅटरी आली की तो ती दाबत नाही, टोचत नाही, पेट घेईल म्हणून वाळूच्या डब्यात ठेवतो आणि गिऱ्हाइकावरच खेकसतो, "इले उशाशी घेऊन झोपतं काय?"

दोन वर्षांपूर्वी त्याने लिथियम पॉलिमर बॅटऱ्या बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचे शेअर घेतले. बॅटरीतलं जीवनलाच कळतं, म्हणून त्याच्या अख्ख्या तांड्याने घेतले. त्याच्या बहिणीने, जमनीने, त्यासाठी म्हशी विकल्या.

या उन्हाळ्यात त्याच कंपनीच्या बॅटऱ्या फुगून यायला लागल्या. आधी एखादी, मग रोज. शेअर मात्र चढतच होता. जीवन तांड्यात जाऊन म्हणाला, "विकून टाका." लोक हसले. "काहून? तुले एकट्यालेच पाह्यजेत काय?"

स्वतःचे तरी वीक, असं मी चिडून म्हणालो. तो म्हणाला, "मंग तांड्यात कोन्तं तोंड घेऊन जाऊ?"

आज दुपारी जीवनला जमनीचा फोन आला; त्याने स्पीकरवर टाकला. "भाऊ, आपला शेअर टम्म फुगला!" ती हसत होती.

जीवनचा हात वाळूच्या डब्यावर होता. त्याने तो झटकन मागे घेतला.