चांगुणाबाईंचं मडगार्ड

चाकूरला बसस्टँडामागं अयोध्याचं ब्युटी पार्लर आहे. भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. पण गिऱ्हाईक नसलं की ही बाई वीतभर लांबीच्या गाड्या रंगवत बसते. खोक्यातून सुटे भाग मागवायचे, चिकटवायचे आणि त्यांवर रंगाचे हात चढवायचे.

"नवरी उजळ करायची, गाडी मळवायची," ती म्हणते. "बाकी काम तेच."

यंदा तिनं सासऱ्यांचा लाल ट्रॅक्टर करायला घेतला होता. गुडघे गेले म्हणून शेषेरावांनी तो उन्हाळ्यात विकला, आणि तेव्हापासून ते रिकाम्या शेडकडं पाठ करून बसत. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. यंदा पाटावर निदान त्याचं रूप तरी असावं, असं सुनेच्या मनात. पण पहिल्यांदा रंगवलेला ट्रॅक्टर म्हाताऱ्यांनी एका नजरेत मोडीत काढला.

"जत्रंतला हाय. लई चकचकायलाय. आपला न्हाई."

अयोध्यानं सगळा रंग उतरवला. पुन्हा अस्तर दिलं, त्यावर गंजाचा तपकिरी हात, त्यावर पार्लरातला हेअर स्प्रे आणि मग लाल. ओल्या ब्रशानं घासलं की मधला स्प्रे विरघळतो, लाल टवके सुटतात, खालचा गंज उघडा पडतो. चाकांना तिनं शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून फासली. टवके काढायचे मात्र राहिले. कुठले काढावेत तेच सुचेना. एकदा निघाला तो परत थोडाच बसतोय!

खंडेनवमीला सकाळी ती अंघोळ करून आली, तर सासूबाई चांगुणाबाई मोरीपाशी बसलेल्या. हातात ट्रॅक्टर, ओलं फडकं.

"मामी! काय करायलाव?"

"काय म्हंजे? पुजेला असा चिखलाचा ठेवतेत व्हय? धुतला. पर रंग लई कच्चा आणला बग तू. निघायलाय."

चाकं लख्ख झाली होती. डाव्या मडगार्डावरचा लाल रंग तर पार गेलेला. मधोमध गंज, कडेला विरत गेलेली लाली. अयोध्यानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ती ट्रॅक्टर पदराआड घेऊन सटकणार, तेवढ्यात पूजेच्या पाटापाशी बसलेल्या सासऱ्यांची हाक आली.

"आण इकडं."

शेषेरावांनी चष्मा चढवला. ट्रॅक्टर फिरवून बघता बघता अंगठा मडगार्डावर थांबला.

"हितलाच का गेला गं?"

"मला काय ठावं?" चांगुणाबाई म्हणाल्या. "हात सवयीनं तिथंच गेला."

"जाणारच की!" म्हातारे सुनेकडं वळले. "शेताला निघालं की हिची जागा ही. बसायच्या आधी रोज पुसायची. नव्या गाडीचा रंग उडवला हिनं. किती सांगितलं, पोतं टाकून बस!"

"सांगायला लई हुशार. पोतं कधी ठिवलं होतं का गाडीत?"

शेषेराव हसले. ट्रॅक्टर पाटावर मधोमध ठेवून त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आपलाच हाय."

अयोध्यानं वाकून मडगार्ड निरखलं. "मामा, वरून व्हार्निशचा एक हात द्यावा लागंल. न्हाईतर कुंकू पुसताना मामी राहिलेला रंगबी काढतेत."

"दे की," शेषेराव म्हणाले. "पर चमकू देऊ नको."