वहिनीचं जवसाचं तेल

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. आणि माझं बायकोला ठाऊक नाही असं काय आहे?

मला मळमळतं. विसाव्या वर्षापासून, रोज. अन्ननलिकेला सूज आहे, असं डॉक्टर म्हणाले. घास खाली उतरायला कुरकुरतो, आणि उतरलाच तर तिथे नांदत नाही. नागपुरात राहून ज्याला तर्रीचा वास सोसत नाही, त्यानं जावं कुठे? पण मी मजेत होतो. थंड दूध, मुरमुरे, उशाला दोन उशा जास्त. फक्त लग्न ठरेपर्यंत हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं — अशा मुलाला मुलगी कोण देतो?

कोराडीचं वीजघर तेव्हा नवं होतं. दादा तिथे नोकरीला, मी त्यांच्याच क्वार्टरमध्ये. खाप्याहून मुलीचे वडील बोलणी करायला आले. वहिनीनं जवसाच्या तेलात पाटवडीचा रस्सा केला. कॉलनीत कोणाकडे कार्य असलं की रश्शाला तिलाच बोलवायचे, आणि ती मोठ्या दिमाखात जायची. दोन घास खाल्ले — आणि मी मोरीकडे पळालो.

परत आलो तर पंगतीतले हात थांबलेले. जेवायला बोलावलेले कॉलनीतले दोघे शेजारीही बघताहेत.

"काहून जी, तब्येत बरी नाही राहत काय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

खरं बोलायला असा किती वेळ लागतो? मी म्हणालो, "तब्येत ठणठणीत आहे. तेल खवट लागलं."

वाटलं, वहिनी भांडेल. तिनं माफी मागितली — त्यांची, आणि माझीही.

लग्न झालं. बायको झकास मिळाली. माझा आजार लग्नानंतर जडला असं ती समजते, आणि सासरचे त्यावरून मला मनसोक्त चिडवतात. वहिनीला मात्र कॉलनीतून बोलावणी येईनाशी झाली. ती फोडणीआधी तेलाचा बुधला माझ्या नाकाशी धरू लागली. "घ्या बरं भाऊजी वास. मले नाही समजत, तुमचं नाक पक्कं हाय." ज्याला कुठल्याही तेलानं ओकारी येते, तो घरचा तेलपारखी! मी ऐटीत वास घ्यायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला बरीच वर्षं खवखवलंही नाही.

मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. रश्शाला बाहेरचा आचारी सांगितला. "पाहुण्यांपुढे माह्या हातचं नको. काय जी, भाऊजी?"

मी म्हणालो, "नकोच."

माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी वहिनीचं तेल ताजं होतं. रस्सा फार सुरेख झाला होता.