धनुबाईचे उललेले ओठ

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर थंडीत गाणं चालतं. मोकळ्या माळावर ओल्या लाल मिरचीचे गालिचे पसरलेले, आणि कडेला बाया देठ खुडत बसलेल्या. गाणं नसेल तर ते काम अंगावर येतं. या गाण्याची पहिली ओळ धनुबाईची. बाकीच्या मागून उचलणार. हा मान तिला कुणी दिला नव्हता, तिनेच घेतला होता, आणि कुणाची मागायची छाती नव्हती.

या हिवाळ्यात मात्र तिचे ओठ उलले. दरवर्षी थोडे उलायचेच, पण यंदा मधोमध चीर पडली. आ केला की रक्त. त्यात धनुबाईची खोड अशी, की ओठ कोरडा वाटला की जीभ फिरवायची. क्षणभर बरं वाटे, मग ती ओल वाऱ्याने वाळली की कातडी आणखी ताणली जाई. मिरचीचे हात चुकून तोंडाला लागले तर बघायलाच नको. रोज निजताना ती बेंबीत एरंडेल घाली, ओठांना साजूक तूप चोळी. सकाळी पथारीवर आली की पुन्हा जैसे थे.

एका सकाळी पहिली ओळ आलीच नाही. आवाज फुटण्याआधी ओठ फुटला. बाया वाट बघत राहिल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून सुनिताने ओळ उचलली. पुरुषोत्तमनगरहून लग्न करून आलेली, यंदाच कामाला लागलेली पोर. आवाज तर मोकळा होताच, पण धनुबाईला दिसले ते तिचे ओठ. मऊ, तुकतुकीत, जणू थंडीने तिला वगळलंच होतं. बायांनी ओळ उचललीसुद्धा. धनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘‘काय लावस वं तू?’’ तिने दुपारी विचारलं.

‘‘काहीच नही, मावशी. तूप, कधीमधी.’’

तूप तर धनुबाईही लावत होती. खोटारडी! नक्कीच शहरातली एखादी महागडी डबी असणार, आणि ही सांगत नाही. आणखी एक गोष्ट धनुबाईला खुपत होती. जेवण झालं की सुनिता पोत्यांच्या थप्पीमागे जाई आणि ताजीतवानी होऊन परते. मुकादम वाहरू ते बघून न बघितल्यासारखं करी. धनुबाईने मनात नको ते सगळं रचलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते खरं ठरायला हवं होतं. ते खरं ठरलं असतं तर पहिली ओळ आपोआप परत आली असती.

दुसऱ्या दिवशी ती पाठोपाठ गेली.

थप्पीमागे बांबूंना बारदान बांधून चारी बाजूंनी आडोसा केला होता. बाहेर पाण्याची बादली. सुनिता आतून निघाली, हात धुतले, आणि बाटलीतून घटाघटा पाणी प्यायली.

धनुबाई बघतच राहिली. पथारीवर बाया पाणी पीत नसत. प्यायलं की जावं लागतं, आणि उघड्या माळावर जाणार कुठे? सकाळी घोटभर, मग संध्याकाळी घरी. ओठ त्यानेच वाळत होते. बेंबीतलं तेल बिचारं काय करणार!

‘‘हाई कोनी करं?’’

‘‘वाहरूदादानी. मी सांगं, आडोसा करी दे, नहीतं मी कामले येत नही.’’

‘‘इतलंच?’’

‘‘इतलंच. तुम्ही इतला वरीसपाईन आठे शेतस मावशी, तुम्ही काबर नही सांगं?’’

पोरीने साधंच विचारलं होतं, पण धनुबाईला ते गालात मारल्यासारखं लागलं. वाहरू तिला मावशी म्हणे, तिचा शब्द कधी टाळत नसे. तरी पुरुषाला असलं कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. तिच्यासोबत सगळ्या बाया तहानलेल्या राहिल्या होत्या.

ती पथारीच्या कडेला ठेवलेल्या मडक्याजवळ गेली आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायली. जिभेची खोड मोडली, तोंडाला पदराचा फडका बांधू लागली, तूप लावण्याआधी हात साबणाने धुऊ लागली. हळूहळू चीर बुजली. आवाज आला तशी सुनिताने आपण होऊन पहिली ओळ सोडली. धनुबाईला तिचा मान परत मिळाला.

आता सगळ्याच बाया पाणी पितात. गाणं रंगात आलेलं असतं आणि मधेच एखादी उठते, आडोशाकडे जाताना शेजारणीला म्हणते, ‘‘मी सुनितानी खोलीमा जाई येस.’’

आणि पहिली ओळ म्हणणाऱ्या धनुबाईचा आवाज तेवढ्यापुरता चिरकतो.