कुवेतची गहवा

वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला की लंडनच्या हाउन्सलोतलं ते अरबी हॉटेल आठवतं. सातवीत शाळा सुटलेला मी कुवेतमधल्या एका घरी स्वयंपाकात राबताना कानावर पडेल तशी अरबी शिकलो होतो, आणि तेवढ्यावर हॉटेलच्या मालकानं, देवमाणूसच तो, मला ट्रायलवर ठेवलं होतं. हेड वेटर इजिप्तचा. कॉफीच्या अरबी शब्दातला 'क' त्याच्याकडे गिळून 'अहवा' म्हणतात. कुवेतमध्ये त्याचा 'ग' होतो. मी 'गहवा' म्हटलं की तो सगळ्यांदेखत म्हणायचा, "ही नोकरांची अरबी गिऱ्हाइकांपुढे नको. इंग्लिशमध्ये बोल, नाहीतर घरी जा." एका दुपारी कुवेतची एक म्हातारी बाई आली, आणि घाबरत का होईना, तिला मी गहवाच विचारली. ती खूश होऊन म्हणाली, "कुणाच्या घरी होतास रे?" आणि टेबलाखाली गेलेली आपली चप्पल बोटानं दाखवली. मी वाकून काढून दिली. "बघ, ओळखलं तिनं," वेटर पुटपुटला. यापुढे हाच मुलगा वाढायला हवा, असं तिनं जाताना मालकाला बजावलं, म्हणून त्यानं मला त्याच संध्याकाळी कायम केलं. त्याचे उपकार आहेतच. पण आजही कुणी अरबी बोलणारं भेटलं, तर मी आधी त्याला बोलू देतो.