काळ्या केसांचा मित्र

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या इंडियन ग्रोसरीत चहाच्या टेबलाशी एक टकले काका मांडीवर चिवड्याचा डबा धरून बसले होते. सारखे फोनमधला फोटो बघत, मग दाराकडे.

"ऑनलाइन मित्र. आज पहिल्यांदा भेटतोय," त्यांनी मला आपणहून सांगितलं. "मागचा मित्र इन्शुरन्स विकायला आला होता. तरी आलो. घरी बसून कोण भेटणार?"

त्यांनी दाखवलेल्या मित्राच्या फोटोत दाट काळ्या केसांचा तरुण होता.

"काका, तुम्ही स्वतःचा फोटो कुठला लावलाय?"

"अमेरिकेत आलो तेव्हाचा," ते लाजले. "बाकी सगळं खरं लिहिलंय."

त्यांच्या पाठीमागच्या टेबलाशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ अर्धा तास दाराकडेच बघत होते. त्यांच्याही मांडीवर डबा होता.

मी काकांची खुर्ची हळूच मागे वळवली.